कोठारातला संगमरवर

८ जानेवारी

वहिनी,

पेन ड्राइव्ह पोचला. दुकानाच्या पत्त्यावर पाठवलास हे बरं केलंस. घरी आला असता तर दादाच्या हातात पडला असता आणि मग माझं काही खरं नव्हतं. फरशीच्या नमुन्यांच्या पाकिटात घालून पाठवायची युक्ती तर फारच भारी. दादानेच ते पाकीट उचलून माझ्या टेबलावर टाकलं, "या कंपन्यांना उद्योग नाहीत" म्हणाला आणि साइटवर मापं घ्यायला निघून गेला.

तू हे घर सोडल्यापासून आपली कॉम्प्युटरवरची वस्ती बंदच होती. मला वाटलं होतं, बाकीच्या सगळ्याबरोबर हा खेळही संपला. पण तू तुझं वर्ष खेळून, नियमाप्रमाणे पत्रासकट पाठवलंस. पूर्वी आपण दोघी दुपारी याच काउंटरवर, याच बिलाच्या कॉम्प्युटरवर पाळीपाळीने राज्य करायचो. एकीने वस्तीतलं एक वर्ष चालवायचं, मग जशी असेल तशी दुसरीच्या हवाली करायची. काही बिघडलं तरी मागची प्रत उघडून सुधारायचं नाही, झालं ते झालं. हा नियम तुझाच, आणि तेव्हा मी तुला हेडमास्तरीण म्हणून चिडवलं होतं.

वस्तीतली तुझी सुगरण मजेत आहे. केस तुझ्यासारखेच वर बांधलेले. चुलीपाशी ती एका पायावर भार देऊन उभी राहते असं मला दिसतं, खरं तर तेवढं बारीक काही खेळात दिसत नाही. माझी फरशीताई नेहमीप्रमाणे काम सोडून जमिनीकडे बघत उभी. मास्तर पोरांना शिकवतोय आणि कुणी ऐकत नाही.

या वर्षी पहिलं काम कोठाराचं. तू बजावलं आहेस की कोठाराला साधा खडबडीत दगड घाल, स्वयंपाकघर आणि कोठार यांच्यामधली भिंत राहू दे, दार बंद राहील असं बघ आणि चकाकीच्या मागे लागू नकोस. वहिनीबाई, तू फरशीच्या दुकानात लग्न होऊन आलीस, मी फरशीच्या दुकानात रांगले. मला फरशी शिकवतेस होय! तुझा दगड बघून घेईन मी.

ठमीचा समोरचा दात पडला. आईला सांग म्हणाली, म्हणून सांगते. बोलताना शिट्टी वाजते आणि तिला त्याचा फार अभिमान आहे.

पत्राच्या शेवटी तू विचारलेलं वाचलं. सत्तावीस फेब्रुवारीला कोर्टाच्या समुपदेशक बाई मलाही बोलावणार आहेत आणि एकच गोष्ट विचारणार आहेत, तू घर सोडून आपणहून गेलीस की तुला दाराबाहेर ठेवलं. ठमी कुणाकडे राहणार ते बरंचसं त्यावर ठरेल, हेही कळलं. दादा सगळ्यांना सांगतो की तू पोरीला टाकून गेलीस. मी त्या दुपारी घरात होते, हे त्याला, तुला आणि मलाच ठाऊक. याबद्दल पुढच्या पत्रात नीट लिहिते. आत्ता गिऱ्हाईक आलंय.

तुझी नणंद


२० जानेवारी

वहिनी,

तुझं कार्ड मिळालं. दोनच ओळी. फरशीचं राहू दे, मी विचारलेलं सांग. सांगते, सांगते. आधी फरशी, कारण ती घालून झाली.

पर्याय सगळे पाहिले हो. गवताच्या चटया झटपट होतात, पण त्या गोठ्यात बऱ्या. लाकडी पट्ट्या दिसायला उबदार, पण एक ठिणगी पडली की वर्षाचं धान्य गेलं. गालिच्याचा विचारही एकदा मनात आला, कबूल करते. कोठारात गालिचा! हस पोट धरून. सिमेंटचा कोबा टिकाऊ खरा, पण त्याचं तोंड कायम उतरलेलं. तुझा खडबडीत दगड कोठाराला पुरेसा आहे, मान्य. पण त्याच्याकडे कोण ढुंकून बघणार? तेव्हा पांढरा संगमरवर. घासून आरशासारखा केलेला.

फरशीताईने एकटीने घातला. वस्तीतला अख्खा वसंत गेला त्यात, झाडलोट पडून राहिली, पण काय दिसतं म्हणून सांगू! सांधा म्हणून दिसत नाही. आणि मग लक्षात आलं की एवढा संगमरवर भिंतीमागे कोंडला गेलाय. आपल्या दुकानात दारातून आत आलं की पार मागच्या भिंतीपर्यंत फरशी दिसली पाहिजे, हा बाबांपासूनचा शिरस्ता. मधे काही आलं की फरशी मरते, असं ते म्हणायचे. मग काय, पाडली भिंत. आता स्वयंपाकघर आणि कोठार मिळून एकच लांबलचक दालन. शेतावरून येणाऱ्यांसाठी बाहेरचं दारही तिथेच काढलं, म्हणजे आलं पीक की थेट आत. मांस कापायचा ओटा कोपऱ्यात हलवला. सगळं हाताशी. सुगरणीला इकडचं तिकडे जायला नको.

दोनचार जणांच्या पोटाच्या किरकोळ तक्रारी झाल्या. हवा बदलली की होतं असं.

आता तू विचारलेलं. दादा चिडला की काय होतं ते तू पाहिलं आहेस. मी त्याच्या घरात राहते, त्याच्या दुकानात बसते. बाईंसमोर जाऊन त्याच्या विरुद्ध बोलले तर दुसऱ्या दिवशी मी कुठे जाऊ? ह्या वयात कुणाच्या दारात उभी राहू? तुला तरी हे कळायला हवं. मी नाही म्हणत नाहीये. फक्त माझ्या बाजूनेही बघ.

ठमी हल्ली माझ्याजवळच झोपते. झोपेत माझा कान धरून ठेवते. तू असताना तुझा धरायची का?

तुझी नणंद


३ फेब्रुवारी

वहिनी,

मास्तर गेला. ओकून ओकून गेला बिचारा. आजारी पडला आणि त्याच वेळी थंडीची लाट आली, अंगात काही उरलं नव्हतं. अर्धी वस्ती अंथरुणाला खिळली आहे. जेवणातून विषबाधा.

वाईट वाटून घेऊ नकोस, पण सुगरणीचा हात बिघडलाय. तू तिला स्वयंपाकात तरबेज केलंस हे मला माहीत आहे, पण तरबेज माणसाचं लक्ष उडालं की असंच होतं. तिचं घरात लक्षच नव्हतं. एवढं सुंदर दालन करून दिलं, सगळं हाताशी दिलं, तरी ही तोंड पाडून उभी. काही माणसांना कितीही दिलं तरी त्यांचं समाधान म्हणून होत नाही.

हे लिहून परत वाचलं. ही वाक्यं माझी नाहीत. आपल्या जेवणाच्या टेबलावर मी ती दादाच्या तोंडून ऐकली आहेत, वाढणारी तू असायचीस आणि मी ताटात बघत असायचे. खोडून टाकणार होते, पण शाईचं पत्र, खोडलं तरी दिसतंच.

तूर्तास सुगरणीला कामातून मोकळं केलं आहे. काळजी करू नकोस.

परवा ठमीने विचारलं, "आत्या, आई का गेली?" मी म्हटलं, कामाला गेली. ती म्हणाली, "बाबा म्हणतो, तिला आम्ही नको होतो." मी म्हटलं, दूध पी, गार होतंय.

तुझी नणंद


१० फेब्रुवारी

वहिनी,

मोकळं केलं असं लिहिलं होतं. ते खोटं. मी सुगरणीला वस्तीतून हाकललं.

तुझ्या कार्डावर तू फक्त "मोकळं म्हणजे?" एवढंच विचारलंस.

कसं झालं ते सांगते. लोक आजारी, मास्तर गेलेला, सगळे चिडलेले. नावावर बोट ठेवलं की तीनचार पर्याय येतात, त्यातला शेवटचा हाकलून देण्याचा. खेळ एकदा विचारतो, नक्की ना? मी हो म्हटलं. ती निघाली. तिने काही भांडण केलं नाही, खेळात तशी सोयच नाही. अंगावरच्या कपड्यांनिशी, त्या थंडीत, पडद्याच्या कडेपर्यंत चालत गेली आणि नाहीशी झाली. मी बघत होते.

नेमका तेव्हाच दादा मागे येऊन उभा राहिला.

"अजून हा पोरखेळ चालतो वाटतं तुझा? ही कोण?"

"स्वयंपाकीण होती. लोकांना आजारी पाडत होती. काढली."

"बरं केलंस," तो म्हणाला आणि त्याने माझ्या खांद्यावर थोपटलं. कित्येक महिन्यांत तो माझ्याशी इतकं गोड बोलला नव्हता. आणि वहिनी, मला बरं वाटलं. हे लिहिताना कान गरम झालेत, पण मला खरंच बरं वाटलं.

मग चुलीवर फरशीताईला बसवलं. मीच की ती, म्हणजे हात धुऊन, नीट, मन लावून रांधणारी. दुसऱ्याच जेवणाला दोघं आडवी पडली. पुन्हा चुलीवरचं माणूस बदललं, पुन्हा तेच. तेव्हा कुठे मी, जन्मभर लोकांना फरशी विकत आलेली बाई, पहिल्यांदा जमिनीवर बोट ठेवून बघितलं. पांढरा संगमरवर, रूप उत्तम. आणि त्याच्यावर चिखल, रक्त, सडलेला पाला. तो वरून दिसतच नव्हता मला, मी नुसती चकाकी बघत होते. भिंत पाडल्यामुळे खेळाच्या लेखी कोठार आणि स्वयंपाकघर एकच खोली झाली होती. शेतातला चिखल आत येणार, ओट्यावरचं रक्त सांडणार आणि ती सगळी घाण जेवणाच्या हिशोबात धरली जाणार. नुसत्या कोठारात ती कुणाला बाधली नसती. तू भिंत राहू दे म्हणालीस ती यासाठी.

खरी लाज पुढे आहे. माणूस आजारी पडलं की एक चौकट येते, त्यात कारण दिलेलं असतं. सुगरण चुलीवर होती तेव्हाही ती चौकट येत होती आणि प्रत्येक वेळी त्यात अस्वच्छ खोली असंच लिहिलेलं होतं. स्वयंपाकिणीचं नावसुद्धा नाही. मी ती न वाचता बंद करत होते, कारण चौकट मध्ये आली की माझी फरशी दिसायची नाही. आणि सगळं खापर तिच्या डोक्यावर.

तिला परत बोलवायचा पर्याय खेळात नाही. शोधला.

तुझी नणंद


१९ फेब्रुवारी

वहिनी,

या वेळी तुझं कार्ड आलं नाही. येऊ नये असंच मी वागले आहे.

मागची प्रत कॉम्प्युटरमध्ये आपोआप साठवलेली असते, तुला माहीतच आहे. काल दुपारी ती मी उघडली. सुगरण चुलीपाशी होती, मास्तर खुर्चीत, भिंत जागेवर, कोठारात नुसती माती. तिथून पुढे खेळले असते तर तुला कधी कळलंही नसतं, आणि मीच तोंड वर करून लिहिलं असतं की बघ, तुझं ऐकलं, दगड घातला. बराच वेळ बघत बसले. मग बंद केली. तुझ्या बाबतीत मला मागची प्रत कुठून मिळणार? तुला जे झालं ते झालंच ना. मग फक्त माझ्यापुरती सवलत कशाला.

दादाला घाबरते असं लिहिलं होतं. घाबरते, पण ते कारण नाही. ते सांगायला सोपं म्हणून सांगितलं.

त्या दुपारी दादाने तुझी बॅग बाहेर ठेवली, तू ती घ्यायला उंबरठ्याबाहेर गेलीस आणि त्याने आतून कडी लावली. मग तो वर गच्चीवर निघून गेला. तुला वाटत असेल की तो दाराशी उभा होता. नव्हता. दाराशी मी होते. दिवाणावर बसलेले, ठमी मांडीवर गाढ झोपलेली. तू ठोठावलंस, तेही हळू, पोरीची झोप मोडू नये इतकं हळू. माझं नाव घेऊन हाक मारलीस. कडीपर्यंत हात पोचायला मला नुसतं उठायचं होतं. मला अडवणारं कुणी नव्हतं.

उघडलं असतं तर तू ठमीला उचलून नेलं असतंस. मला ते नको होतं. माझ्या मांडीवर असं विसावून झोपणारं माझ्या आयुष्यात दुसरं कुणी नाही, आणि त्या क्षणी मला एवढंच वाटलं की तू जा. दादाने तुला बाहेर ठेवलं, पण तू बाहेर राहिलीस ती माझ्यामुळे. आणि तेव्हापासून रोज रात्री ती माझ्या शेजारी झोपते, सकाळी मी तिची वेणी घालते, आणि जेवढे दिवस मी गप्प बसते तेवढे दिवस मला ती मिळते. म्हणून मी तुला फरशीबद्दल लिहीत बसले. चांगली लांब पत्रं लिहिली.

सत्तावीसला बाईंसमोर हे सांगेन असं लिहायचं धाडस होत नाही. लिहिलं आणि तिथे गेल्यावर जीभ टाळ्याला चिकटली तर? माझा मलाच भरवसा नाही, तुला कुठून देऊ.

नणंद


२७ फेब्रुवारी, संध्याकाळ

वहिनी,

सांगितलं.

तुला पॅसेजमध्ये, पाण्याच्या फिल्टरपाशी उभी पाहिलं. मी मान खाली घालून गेले. ओळख दाखवायची माझी लायकी नव्हती, आणि तू पुढे येऊन काही बोलली असतीस तर मी रडले असते आणि आत काही सांगता आलं नसतं. बाईंनी पाणी दिलं, चष्मा पुसला आणि विचारलं. मी सांगितलं की ती आपणहून गेली नाही, भावाने कडी लावली, ती ठोठावत होती आणि मी आत असून उघडलं नाही. बाईंनी विचारलं, का नाही उघडलं? तेही सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं आणि मान वर न करता म्हणाल्या, ठीक आहे. एवढंच होतं. चहाला आधण यायलाही जास्त वेळ लागतो. एवढ्यासाठी मी तुला इतके महिने लेकीपासून दूर ठेवलं.

दादा बाहेर बाकावर होता. घरी आल्यावर म्हणाला, "उद्यापासून दुकानात येऊ नकोस." मला वाटलं होतं त्यापेक्षा मी कमी घाबरले. निकाल व्हायचा आहे, पण तोवर ठमीने आईकडे राहावं असं बाईंनी लेखी दिलं आहे, ते तुला कळलं असेलच. रविवारी मी तिला घेऊन येईन. तुझ्या दारापर्यंतच, आत येणार नाही.

पेन ड्राइव्ह सोबत आहे, माझं वर्ष संपलं. भिंत पुन्हा बांधली, दार बसवलं, कोठारातला संगमरवर उखडून साधा दगड घातला. आता कुणी आजारी पडत नाही. पण सुगरण नाही आणि मास्तरही नाही. ते तुला तसंच घ्यावं लागेल. किंवा घेऊ नकोस. खेळ इथेच थांबवलास तरी मी काय म्हणणार?

एक गोष्ट मात्र तुला कळायला हवी. बाईंच्या आधी मी ठमीला सांगितलं. काल संध्याकाळी. तिच्या तोंडावर एकदा बोलून झालं की कुणासमोरही बोलता येईल, असा माझा हिशोब. यातही मी माझीच सोय बघितली असेल.

ती माझ्या मांडीवर बसून चित्र रंगवत होती. मी म्हटलं, "ठमे, आईला आपण नको होतो हे खोटं आहे. आई आपणहून गेली नाही. बाबाने दार लावून घेतलं आणि ती बाहेर राहिली. ती दार वाजवत होती."

"खूप वेळ?"

"हो."

"मी कुठे होते?"

"तू झोपली होतीस."

तिने खडू डबीत ठेवला. डबी बंद केली. "आणि तू?"

खोटं बोलावंसं वाटलं गं. एवढ्याशा पोरीशी किती सोपं असतं.

"मी जागी होते," मी म्हटलं.

ती मांडीवरून उतरली. आत जाऊन बूट घालून आली, उलटसुलट, आणि दारापाशी जाऊन बसली. आई आज येणार नाही म्हणून समजावलं, तरी हलेना. जेवायला हाक मारली, आली नाही. शेवटी ताट वाढून तिच्यापाशी नेलं आणि तिच्या हातात द्यायला गेले.

"खाली ठेव," ती म्हणाली, आणि मी तिथून बाजूला होईपर्यंत तिने घास घेतला नाही.